दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाताय? तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

‘आत्ताच्या क्षणात राहायला शिकायचंय, म्हणून इगतपुरीला चाललोय’ असं सांगणारे ओळखीत एक-दोघे तरी असतातच. त्यातले काही तिसऱ्या दिवशी बॅग उचलून घरी येतात. बरेचसे शिबिर पूर्ण करतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा होते तसे होतात. मग दोष जातो पहाटे चारच्या घंटेला, मौनाला नाहीतर जेवणाला. पण बहुतेकांचं गणित बिघडतं ते शिबिराआधीच्या आणि शिबिरानंतरच्या आठवड्यात. म्हणून या लेखात त्या दोन आठवड्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

विपश्यना म्हणजे स्वतःचा श्वास आणि शरीरातल्या संवेदना आहेत तशा बघण्याची ध्यानपद्धत. एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. तिथे विचार बंद करायला शिकवत नाहीत. मन कालच्या भांडणात किंवा उद्याच्या हप्त्यात गेलंय हे ओळखायचं आणि त्याला चालू श्वासावर परत आणायचं, हे काम दिवसाला दहा तासांहून थोडं जास्तच चालतं. मन पळालं म्हणजे साधना फसली असं ज्यांना वाटतं, ते पहिल्याच दुपारी हताश होतात.

१. जायचं की नाही, हे आधी ठरवा

तुम्ही नुकतेच एखाद्या मोठ्या धक्क्यातून बाहेर येत असाल, म्हणजे घरात मृत्यू झाला असेल, घटस्फोट चालू असेल किंवा नोकरी गेली असेल, तर चार-सहा महिने थांबायला हरकत नाही. शिबिर हे दुःखावरचं मलम नाही. तिथे गप्पा, फोन, टीव्ही, पुस्तक यातलं काहीच नसल्याने दाबून ठेवलेलं सगळं वर येतं.

गंभीर मानसिक आजार असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, तर आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते स्पष्ट लिहा. केंद्र नकार देऊ शकतं. तो अपमान समजू नका, तो तुमच्या सुरक्षिततेसाठी असतो.

सावध: चालू गोळ्या ‘साधनेत नकोत’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, नैराश्य, कशाचीही गोळी असो, ती तिथेही वेळेवर घ्यायची असते.

२. अर्ज आणि तारीख

इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिथल्या जागा लवकर भरतात. पण शिकवण, वेळापत्रक आणि नियम सगळीकडे सारखेच आहेत. गोराई, बेलापूर, पुणे, आळंदीजवळचं मरकळ, नाशिक, मनमाड, धुळे, नागपूर, कोल्हापूरजवळचं आळते असे बरेच पर्याय महाराष्ट्रातच आहेत. घराजवळचं केंद्र निवडलंत तर पुढे एक दिवसाच्या शिबिरांनाही जाता येतं. पहिल्यांदा ‘इगतपुरीच हवी’ असा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही.

तारखेचं गणित बारा दिवसांचं धरा. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं, मग पूर्ण दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. त्यात आणखी एक रिकामा दिवस जोडा. अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसची मीटिंग ठेवणारे लोक आहेत आणि त्यांचा दहावा दिवस त्या मीटिंगमध्येच जातो.

अर्जात आजार, औषधं, गरोदरपण, आधी केलेल्या इतर साधना हे सगळं विचारतात. खरं लिहा. जागा मिळाल्याचं कळल्यावरही शिबिराच्या आधी ‘नक्की येतोय’ असं पुन्हा कळवावं लागतं. ते न केल्याने जागा जाते आणि माणूस केंद्रावर चिडतो.

राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. त्यामुळे जाताना पाकीट देऊन ‘सोय’ लावायचा प्रश्नच येत नाही.

३. आधीचा आठवडा: घरची कामं मिटवून ठेवा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. डोळे मिटून बसलं की पहिल्या दोन दिवसांत वर येतं ते अर्धवट राहिलेलं काम. वीजबिल भरलं का? गॅस बुक केला का? मुलाच्या फीची शेवटची तारीख कोणती? हे प्रश्न आध्यात्मिक नाहीत, पण एका तासात चाळीस वेळा येऊ शकतात आणि फोन कुलपात असल्याने त्यांचं काहीच करता येत नाही. म्हणून ते आधीच संपवा.

एक वही घ्या आणि दोन याद्या करा. पहिलीत त्या बारा दिवसांत देय होणारं सगळं: बिलं, हप्ते, भाडं, औषधं, दूधवाला, कामवाल्या मावशींचा पगार. जे आधी भरता येईल ते भरून टाका, उरलेलं कुणाकडे तरी सोपवा आणि वहीत त्या माणसाचं नाव लिहा. बँकेचे संदेश तुमच्या फोनवर येतात आणि फोन बंद असणार आहे, हे घरच्यांच्या लक्षात आणून द्या. दुसऱ्या यादीत परत आल्यावर करायच्या गोष्टी. ही यादी घरीच ठेवून जायचं. तिथे एखादी गोष्ट आठवली की ‘यादीत आहे’ एवढं म्हणून श्वासावर येता येतं.

घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर द्या आणि नीट समजावा की खरी अडचण असेल तर तिथे फोन करायचा, निरोप तुमच्यापर्यंत पोहोचेल. ‘फोन लागला नाही तर घाबरू नका’ एवढ्यावर आई-वडिलांचं समाधान होत नाही. नंबर हातात असला की होतं. वडीलधारं कुणी आजारी असेल तर भावाला, बहिणीला किंवा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

शरीराची तयारीही याच आठवड्यात. दिवसाला पाच-सहा कप चहा लागत असेल तर हळूहळू दोनवर या, नाहीतर पहिला दिवस डोकेदुखीत जातो. रात्री साडेनऊ-दहाला झोपायची सवय लावा. जमिनीवर रोज पंधरा-वीस मिनिटं मांडी घालून बसा. टीव्ही बघत बसलात तरी चालेल, गुडघ्यांना त्याने फरक पडत नाही.

विपश्यनेबद्दल वाचत मात्र बसू नका. इतरांचे अनुभव वाचून गेलेला माणूस स्वतःचा श्वास बघायचं सोडून ‘त्यांना झालं ते मला कधी होणार’ याची वाट बघत बसतो.

तपासा: निघायच्या आदल्या रात्री पहिली यादी पूर्ण खोडलेली आहे का? नसेल तर एखाद्याला फोन करून ते काम सोपवा आणि मगच झोपा.

४. बॅग

सैल, साधे, अंग झाकणारे कपडे घ्या. हाताने धुवावे लागतील, म्हणून लवकर वाळतील असे. ध्यान कक्षाबाहेर दिवसात अनेकदा चपला काढाव्या लागतात, तेव्हा बंदांचे बूट नकोत. एक शाल घ्याच, कारण पहाटे साडेचारला स्थिर बसल्यावर उन्हाळ्यातही ती लागते. इगतपुरीला जून ते सप्टेंबर जाणार असाल तर छत्री आणि कपड्यांचे दोन जास्तीचे जोड, तिथला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. साधं घड्याळ, टॉर्च, छोटं कुलूप, बिनवासाचा साबण. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, दोन दिवस जास्त पुरतील एवढी. चादर-उशीचं केंद्रानुसार वेगळं असतं, ते सूचनापत्रात बघा.

पुस्तक, वही-पेन, जपमाळ, अत्तर, अगरबत्ती आणि खाण्याचे डबे घरी ठेवा. आईने प्रेमाने दिलेले लाडूसुद्धा!

मुंबईहून इगतपुरीला जाणाऱ्यांसाठी: लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते. पुढे घाट चढायला लांब पल्ल्याची गाडी, एसटी किंवा शेअर गाडी लागते. घाईघाईने पोहोचू नका.

५. पोहोचल्यावरची संध्याकाळ

नोंदणी करायची, फोन आणि मौल्यवान वस्तू जमा करायच्या, हलकं जेवण, सूचना, आणि मग आर्य मौन सुरू. ते दहाव्या दिवशी सकाळपर्यंत चालतं. मौन म्हणजे फक्त तोंड बंद नव्हे. खुणा, डोळ्यांनी बोलणं, चिठ्ठ्या, सगळंच बंद. राहण्या-जेवणाची अडचण असेल तर धम्मसेवकांशी (शिबिरात सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांशी) आणि साधनेबद्दल सहाय्यक आचार्यांशी (शिबिर चालवणाऱ्या शिक्षकांशी) बोलता येतं.

नवरा-बायको एकत्र जात असाल तर स्त्री-पुरुषांची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. जेवणघराबाहेर एकमेकांना शोधत राहू नका. दोघांचेही दहा दिवस त्यात विरघळतात.

सावध: इथे पाच शीलांचं पालन, म्हणजे हिंसा, चोरी, खोटं बोलणं, लैंगिक संबंध आणि नशा टाळणं, मान्य करावं लागतं, आणि जप, पूजा, प्राणायाम, योगासनं दहा दिवसांपुरती बाजूला ठेवावी लागतात. चालायची मुभा असते. हे मान्य नसेल तर त्याच संध्याकाळी सांगा. पाचव्या दिवशी वाद घालून उपयोग नाही.

६. पहिले तीन दिवस: फक्त श्वास

पहाटे ४ ला घंटा, ४:३० ते ६:३० पहिली बैठक, मग नाश्ता. ८ ते ९ सामूहिक साधना, ११ वाजेपर्यंत पुन्हा साधना, ११ ला जेवण. १ ते ५ साधना, त्यातला २:३० ते ३:३० हा तास सामूहिक. ५ ला चहा आणि फळं किंवा कुरमुऱ्यांसारखं हलकं काहीतरी. ६ ते ७ पुन्हा सामूहिक, ७ ला ध्वनिमुद्रित प्रवचन, त्यानंतर ९ पर्यंत शेवटची बैठक आणि ९:३० ला दिवे बंद. रात्रीचं जेवण नसतं. मधुमेह असेल तर हे नोंदणीच्या वेळीच बोलून घ्या.

या तीन दिवसांत आनापान शिकवतात. डोळे आणि तोंड बंद, लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी, आणि श्वास जसा येतो-जातो तसा जाणायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षाची जागा कमी करत नेतात, शेवटी नाकपुड्यांखालची, वरच्या ओठावरची छोटीशी जागा उरते. जागा जितकी लहान, तितकं मन बारीक व्हायला लागतं. म्हणूनच चौथ्या दिवसाचं काम आधी करून बघायचा मोह आवरा.

चुका इथे सर्वात जास्त होतात.

श्वास घडवणं ही पहिली. योगाच्या वर्गाला जाणारे लोक नकळत श्वास लांबवतात, रोखतात, मोजतात. चांगला श्वास घ्यायचा नाहीये. उथळ असेल तर उथळ, डावीकडून असेल तर डावीकडून, एवढंच जाणायचं. काहीच कळत नसेल तर दोन-चार श्वास थोडे जोरात घ्यायचे आणि पुन्हा नैसर्गिकवर यायचं.

दुसरी चूक श्वासाबरोबर आत फिरायला जाण्याची. लक्ष छातीत, पोटात उतरतं. देवडीवरचा रखवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला बघतो, त्याच्या मागे वाड्यात शिरत नाही, तसं दाराशीच थांबायचं.

तिसरी चूक हुशार लोकांची: विचार का आला याचा शोध घ्यायचा. दहावीतल्या शिक्षकांचा चेहरा आत्ताच का आठवला, यावर पाऊण तास निघून जातो. कारण शोधणं हाही विचारच आहे. ‘गेलं होतं, आलं’ एवढी नोंद पुरे.

आणि स्वतःवर चिडणं. वीस मिनिटं मन बाहेर होतं हे कळलं की कपाळ आखडतं, श्वास जोरात होतो. तिथे काही दुरुस्त करायचं नसतं. येणारा पुढचा श्वास तेवढा जाणायचा.

झोप येते. पाठ सरळ करा, थोडा वेळ डोळे उघडा, परवानगीच्या वेळेत बाहेर चार फेऱ्या मारा. पण खोलीवर साधना करण्याची मुभा असते तेव्हा पलंगावर ‘जरा टेकतो’ म्हणू नका.

तपासा: तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःला विचारा, मन पळाल्याचं पहिल्या दिवसापेक्षा लवकर कळतंय का? विचार कमी झाले का, हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असतं.

७. चौथ्या दिवसापासून: संवेदना आणि अधिष्ठान

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष नेत तिथली संवेदना जाणायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. ही पद्धत लेख वाचून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून तिचे तपशील इथे देत नाही. आनापान घरी करायला हरकत नाही, ही मात्र तिथेच शिका.

यानंतर दिवसातल्या तिन्ही सामूहिक बैठकांना अधिष्ठान असतं: तासभर हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय. गुडघे पेटतात. आपण भविष्यात किती लवकर पळतो ते इथे दिसतं. दुखणं असतं एवढंसं, पण ‘अजून चाळीस मिनिटं हे असंच’ या विचाराने ते दसपट होतं. दुखतंय त्या जागी आत्ता काय चाललंय, ठणका की जळजळ की ताण, एवढंच बघा. ते बदलत राहतं.

हलावंच लागलं तर हला, शिक्षा नाही. पण शौर्य म्हणूनही बसू नका. उठून दहा मिनिटं चालल्यावरही सांधा दुखत राहिला, सूज आली किंवा पाय बधिर राहिला, तर सांगून खुर्ची घ्या. खुर्चीवर बसणाऱ्याचा श्वास काही कमी प्रतीचा नसतो.

इथली मोठी चूक म्हणजे चांगल्या संवेदनेची हाव. एका बैठकीत अंगभर सुखद झिणझिण्या येतात आणि पुढचे दोन दिवस माणूस त्याच शोधत बसतो. काल सकाळची बैठक आज शोधणं हाही भूतकाळच.

८. दुसरा आणि सहावा दिवस

पळून जावंसं वाटण्याचे हे दोन दिवस. दुसऱ्या दिवशी शरीर बंड करतं, सहाव्या दिवशी मन युक्तिवाद करतं: ‘मला समजलंय काय ते, आता उरलेले दिवस तेच तेच.’ युक्तिवाद पटण्याजोगा असतो, हीच अडचण. निर्णय त्या बैठकीत घेऊ नका. दुपारी १२ ते १ या वेळात सहाय्यक आचार्यांना भेटा, मग संध्याकाळचं प्रवचन ऐका. या शिबिरांचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांचं ध्वनिमुद्रित, खर्जातलं पठण काहींच्या कानाला सुरुवातीला जड जातं, पण प्रवचनं रंगतदार आहेत आणि त्या दिवशीच्या त्रासावर नेमकं बोट ठेवतात.

सावध: काही रात्री सलग झोपच नाही, छातीत धडधडून भीतीचे झटके, भास, जीव द्यावासा वाटणं, यातलं काही झालं तर ते ‘विकार बाहेर पडताहेत’ म्हणून सोसायचं नाही. लगेच सांगा, साधना थांबवा, डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी घरी परतण्यात काहीच कमीपणा नाही.

९. दहावा दिवस

सकाळी मंगल मैत्री (सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना) शिकवतात आणि मौन सुटतं. मग नऊ दिवसांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर येतं. बोला, पण ‘तुला काय झालं, मला काय झालं’ अशी तुलना टाळा. या दिवशीही बैठका असतात आणि बहुतेक जण त्या वाया घालवतात. गोंगाटातून उठून पुन्हा श्वासावर बसणं हीच तर घराची रंगीत तालीम आहे.

१०. घरी परतल्यावरचा आठवडा

फोन हातात आला तरी घरी पोहोचल्याचा निरोप सोडून बाकी काही उघडू नका. शेकडो मेसेज दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील. पहिल्या दोन आठवड्यांत राजीनामा, लग्नाचा निर्णय, भावाशी जुना हिशेब, यातलं काही काढू नका. आणि घरच्यांना प्रवचन देऊ नका. बारा दिवस तुमचं घर त्यांनी सांभाळलंय. आधी भांडी घासा.

घरच्या साधनेचं शिबिरात सांगितलेलं प्रमाण असं: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, शिवाय झोपताना आणि जाग आल्यावर पाच मिनिटं. त्यासाठी जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी ठरवा, घरात सांगा. लहान घरात वेगळी खोली नसते, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक आसन पुरतं. तास जमत नसेल तर अर्धा तास बसा, पण दोन्ही वेळा बसा.

बैठकीबाहेर सुरुवातीला एकच काम निवडा. रोजचं, हातांचं, दहा मिनिटांच्या आतलं: पोळ्या लाटणं, आंघोळ, जिना चढणं, कपडे वाळत घालणं. ते करताना हात काय करतायत तेवढंच. पंधरा दिवसांनी दुसरं काम जोडा. पहिल्याच दिवसापासून प्रत्येक घास, प्रत्येक पाऊल सजगतेने करायला गेलेले लोक चौथ्या दिवशी थकून सगळंच सोडतात.

लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या, डोळे उघडे ठेवून श्वास जाणता येतो. गाडी चालवताना मात्र श्वासावर जाऊ नका. तिथे तुमचं वर्तमान म्हणजे समोरचा रस्ता. आणि भांडणात: राग आला की श्वास आधी बदलतो. तो बदल कळला तर उत्तर देण्याआधी एक क्षण मिळतो. नाही कळला तर उत्तर दिल्यानंतर कळेल, तिथूनही परत येता येतं.

एक गैरसमज घरोघरी दिसतो: वर्तमानात राहायचं म्हणजे पुढचं ठरवायचंच नाही. रविवारी सकाळी वही घेऊन महिन्याचा खर्च मांडणं हे त्या वेळचं वर्तमानातलंच काम आहे. तोच खर्च मुलीशी बोलताना मनात मांडत राहणं, तिथे घोटाळा होतो.

जवळपास आठवड्याची सामूहिक बैठक कुठे होते ते केंद्रातूनच विचारून या, जुन्या साधकांसाठी, म्हणजे दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठी, एक आणि तीन दिवसांची शिबिरंही असतात. मध्येच साधना तुटली, आठ दिवस किंवा आठ महिने, तर राहिलेले तास भरून काढायला बसू नका. त्याच संध्याकाळी दहा मिनिटं आनापान करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा गजर लावा.